नोंद आहे, पण सापडत नाही

गावात कोणाला जुन्या नोंदीची गरज पडली की पूर्वी काय होई, हे तुम्ही पाहिले आहे. हेडमास्तर कपाट उघडीत, जाड पुठ्ठ्याची वही काढून तिच्यावरची धूळ झटकीत आणि पानामागून पान उलटीत बसत. वेळ लागे, डोळे दुखत. पण चिकाटी असली तर नोंद हाती लागे. आता त्या वह्या संगणकात उतरू लागल्या आहेत. पडद्यावर चार अक्षरे लिहावी, कळ दाबावी, की उत्तर हजर. मात्र पुष्कळदा ते उत्तर असते, ‘नोंद सापडली नाही.’ वहीपुढे उभा राहणारा माणूस हुज्जत तरी घाली, ‘गुरुजी, मागचं पान एकदा बघा की.’ यंत्राशी हुज्जत कोण घालणार? तो मुकाट्याने घरी जातो.

मला आज एवढेच सांगायचे आहे, की ‘सापडली नाही’ आणि ‘नाही’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. ज्या रीतीने विचारले त्या रीतीने यंत्राला नोंद दिसली नाही, इतकाच पहिल्या वाक्याचा अर्थ. आणि विचारण्याच्या रीती मुख्यतः दोन आहेत. एकीत आपण यंत्राला अक्षरांचा साचा देतो; दुसरीत शब्द देतो. दोहोंचे गुण वेगळे, खोडी वेगळ्या. एकेकटी कोठे अडते आणि दोघींना एका कामाला कसे जुंपावे, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

प्रथम, संगणकात नोंदी राहतात कशा? १९७० साली एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. तो त्या वेळी अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होता. त्याचे म्हणणे साधे होते. सगळी माहिती सरळ कोष्टकांत मांडा. आडव्या ओळी, उभे रकाने. एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध क्रमांकाने जोडा. माहिती यंत्राच्या पोटात नेमकी कोठे ठेवली आहे, याची उठाठेव विचारणाऱ्याने करू नये. त्याने काय हवे तेवढे सांगावे. या पद्धतीला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. पुढे १९७४ साली त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. आज जिला एसक्यूएल म्हणतात ती त्याच भाषेची वाढलेली मुलगी.

शिक्षकांना ही मांडणी परकी वाटू नये. तुमचे जनरल रजिस्टर म्हणजे कोष्टकच की! एका मुलाची एक ओळ. नाव, आईचे नाव, जन्मगाव, जन्मतारीख असे रकाने. आणि अगदी कडेला ‘शेरा’. बाकीच्या रकान्यांत काय लिहावयाचे ते ठरलेले असते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिणारा आपल्या भाषेत लिहितो. म्हणून शोधायला सर्वांत अवघड जागा तीच, आणि माणसाचे खरे दुःख पुष्कळदा लिहिलेले असते तेही तेथेच.

आता असे समजा, की एका तालुक्यातील सर्व शाळांची जुनी रजिस्टरे संगणकात उतरवली आहेत. ओळी झाल्या एक लाख. प्रश्न असा निघाला, की आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे किती मुलांची शाळा सुटली? हा प्रश्न काही गंमतीचा नाही, बरं का. मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत, हे आपण सर्व जाणतो. अशा मुलांसाठी वसतिगृह काढायचे की नाही, हे त्या आकड्यावर ठरायचे असेल, तर आकडा खरा निघाला पाहिजे. तेव्हा यंत्राला विचारू या.

पहिली रीत अक्षरांच्या साच्याची. एसक्यूएल भाषेत यासाठी ‘लाइक’ असा शब्द आहे, म्हणजे ‘अशासारखे’. त्याच्याबरोबर दोन खुणा येतात. टक्क्याची खूण, %, म्हणजे ‘येथे काहीही असो, कितीही असो, नसले तरी चालेल’. आणि खालची आडवी रेघ, _, म्हणजे ‘येथे कोणतेही एकच अक्षर’. आपण साचा दिला ‘%ऊस%’. म्हणजे मागेपुढे काहीही असो, मध्ये ऊ आणि स ही अक्षरे लागोपाठ असली की ती ओळ द्यावी.

यंत्र कामाला लागते. ‘ऊस तोडण्यास गेले’ ही ओळ मिळाली. ‘ऊसतोडीसाठी स्थलांतर’ हीही मिळाली. छान! पण त्यांच्याबरोबर ‘पाऊस फार झाल्याने गैरहजर’ ही ओळसुद्धा आली. कारण ‘पाऊस’ या शब्दाच्या शेवटी ऊस बसलाच आहे. यंत्राला ऊस गोड की पाऊस ओला, हे कळत नाही. ते अक्षरे जुळवते. उलट ‘उसाच्या फडावर गेले’ ही ओळ मात्र आली नाही. आपल्या मराठीत ऊस हा शब्द विभक्तीत गेला की दीर्घ ऊ चा ऱ्हस्व उ होतो: ऊस, उसाला, उसाचा. माणसाला तो एकच शब्द. साच्याला ती दोन वेगळी अक्षरे. म्हणजे नको ते आले आणि हवे ते राहिले, असे दोन्ही दोष एकाच उत्तरात.

तिसरा दोष वेळेचा. शब्दकोशात ‘ऊस’ने सुरू होणारे शब्द काढायला तुम्हाला क्षणभर पुरतो, कारण कोश अकारविल्हे लावलेला असतो. पण ‘ऊस’ने संपणारे शब्द काढून द्या म्हटले, तर? कोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा लागेल. संगणकाचेही तसेच. तेथेही क्रमाने लावलेली सूची असते. तिची सर्वांत प्रचलित रचना बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बसवली. ‘ऊस%’ असा साचा दिला, तर ती सूची उपयोगी पडते. टक्क्याची खूण पुढे आणून ‘%ऊस%’ म्हटले, की ती निरुपयोगी होते आणि यंत्र लाखच्या लाख ओळी वाचत सुटते. लाख ओळी यंत्राला जड नाहीत म्हणा. पण कोट्यवधी झाल्या आणि विचारणारे शेकडो झाले, म्हणजे यंत्रही धापा टाकू लागते.

आता दुसरी रीत, शब्दांची. ही समजायला मी तुम्हाला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेतो. तेथे १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या एका प्रचंड कोशाचे काम सुरू केले. सुमारे पंधराशे ग्रंथ घेतले आणि त्यांतील शब्द वेचून चिठ्ठ्या तयार केल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या स्थळी आला याची नोंद. अशा चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. त्या क्रमाने लावून ठेवल्या. आता एखादा शब्द कोठे कोठे आला आहे हे पाहायला कोणी पंधराशे ग्रंथ वाचीत नाही. त्या शब्दाच्या चिठ्ठ्यांचा खण ओढायचा, की सारी स्थळे हातात. ग्रंथात आपण स्थळावरून शब्दाकडे जातो. येथे शब्दावरून स्थळाकडे. म्हणून या सूचीला उलटी सूची म्हणतात. संगणकातील पूर्णमजकूर-शोध, ज्याला फुल-टेक्स्ट सर्च म्हणतात, तो या चिठ्ठ्यांवरच चालतो. फरक एवढाच, की चिठ्ठ्या यंत्र स्वतः करते आणि नवी ओळ आली की त्यांत भर घालते.

या रीतीचा वेग पाहा. ‘शाळा’ हा शब्द ज्या ओळींत आहे त्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर, ‘कारखाना’ हा शब्द ज्या ओळींत आहे त्यांचे दुसरीवर. दोन्ही शब्द असलेल्या ओळी हव्यात? दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या आणि सारखे क्रमांक टिपायचे. मूळ ओळींना हातही लावावा लागत नाही. शिवाय या रीतीला शब्दांचे वजन कळते. १९७२ साली केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीने दाखवून दिले, की जो शब्द थोड्याच मजकुरांत येतो त्याला अधिक मोल द्यावे. सगळ्याच शेऱ्यांत ‘शाळा’ असेल, तर त्या शब्दावरून काहीच निवड होत नाही. ‘मुकादम’ शब्द दहाच शेऱ्यांत असेल, तर तो लाखमोलाचा. अशा वजनांवरून यंत्र उत्तरे लावून देऊ शकते. सर्वांत जुळणारे वर, कमी जुळणारे खाली. साच्याच्या रीतीला हे येत नाही. तिचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’, बस्स.

मग ही रीत परिपूर्ण का? तर नाही. आपला ‘ऊस’ या रीतीला विचारून पाहा. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्याच्या नेहमीच्या साठ्यात असा दंडक आहे, की तीन अक्षरांहून लहान शब्दांची चिठ्ठी करायचीच नाही. इंग्रजीत दोन अक्षरी शब्द बहुधा किरकोळ असतात, म्हणून हा दंडक. पण ‘ऊस’ म्हणजे दोनच अक्षरे! ‘घर’ दोनच, ‘वड’ दोनच. ज्या पिकावर निम्मा महाराष्ट्र बोलतो, त्याची चिठ्ठीच नाही. उत्तर आले शून्य. हे शून्य अहवालात गेले, की ‘या तालुक्यात ऊसतोडीमुळे एकाही मुलाची शाळा सुटली नाही’ असे वाक्य छापले जाईल, आणि ते खोटे असेल. हा दंडक बदलता येतो; पण बदलल्यावर सगळ्या चिठ्ठ्या नव्याने कराव्या लागतात. दंडक आहे हेच ठाऊक नसेल, तर बदलणार कोण?

दुसरी अडचण आपल्या भाषेच्या घडणीची. ‘ऊसतोडीसाठी’ हा यंत्राच्या लेखी एक अखंड, स्वतंत्र शब्द आहे. तो ‘ऊस’च्या चिठ्ठीवर येत नाही. इंग्रजीत शब्दांचे शेपूट छाटून मूळ रूप काढण्याची रीत मार्टिन पोर्टर याने १९८० साली प्रसिद्ध केली आणि ती यंत्रांत रुळली. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये हिंदीसाठी अशी सोय २०२१ च्या आवृत्तीत आली. मराठीचे काम याहून बिकट. आपण नुसता प्रत्यय लावीत नाही, आधी शब्दाचे सामान्यरूप करतो. पाणी, पाण्यात, विहीर, विहिरीवर, ऊस, उसाला. शेपूट छाटले तरी आतले अंग बदललेले राहते.

यावर अर्धा उपाय असा, की शब्दाचा आरंभ द्यावा आणि पुढे काहीही चालेल म्हणावे. बहुतेक डेटाबेसांना ही सोय आहे. ‘ऊसतोड’ने सुरू होणारे सर्व शब्द मागितले, की ऊसतोडीला, ऊसतोडणी, ऊसतोडीसाठी सगळे येतात. पण आरंभ फार आखूड दिला, तर पस्तावण्याची पाळी येते. ‘पाण’ने सुरू होणारे शब्द मागा, पाणी, पाण्यात, पाण्याची हे येतील, आणि त्यांच्या मागोमाग पाणंद, पाणबुडी आणि व्याकरणकार पाणिनीही येतील! आणि शब्दाच्या पोटातले अक्षर या रीतीने सापडत नाही, ते नाहीच. चिठ्ठी शब्दाच्या तोंडावरून लावलेली असते.

तेव्हा असे झाले, श्रोतेहो. साच्याची रीत आंधळी पण कसून चाचपणारी. शब्दांची रीत डोळस आणि चपळ, पण उंबऱ्याच्या आत न शिरणारी. एकीचा दोष तोच दुसरीचा गुण. म्हणून दोघींना जोडायचे. हे जोडणे दोन प्रकारचे आहे, आणि दोहोंत गल्लत करू नये.

पहिला प्रकार ‘आणि’चा. शब्दांनी रान आवरायचे, साच्याने पारखायचे. आपण यंत्राला म्हणतो: शेऱ्यात ‘सोड’ने सुरू होणारा शब्द असावा, आणि शिवाय त्यात ऊस किंवा उसा ही अक्षरे असावीत. ‘सोडली’, ‘सोडल्यामुळे’, ‘सोडून’ यांच्या चिठ्ठ्यांवरून समजा चार हजार ओळी निघाल्या. आता साचा लाख ओळींवर न चालवता या चार हजारांवरच चालवायचा. धान्य आधी चाळून घ्यावे आणि मग सुपात घेऊन खडे निवडावे, तसे हे. प्रश्नात कोणती अट आधी लिहिली याला महत्त्व नाही. कोणत्या अटीने रान लवकर आवरेल याचा अंदाज डेटाबेस स्वतः बांधतो आणि त्याप्रमाणे क्रम ठरवतो. आपण दोन्ही अटी दिल्या पाहिजेत, एवढेच.

आणि पावसाचे काय? त्याला एक साधी युक्ती आहे. साच्यात ऊसच्या आधी एक मोकळी जागा ठेवायची: ‘% ऊस%’. ‘पाऊस’मध्ये ऊसच्या आधी काना आहे, मोकळी जागा नाही, तो आपोआप गळतो. मात्र जो शेरा ‘ऊस’ या शब्दानेच सुरू होतो, त्याच्याआधी मोकळी जागा कोठून असणार? तोही गळेल! म्हणून ‘ऊस%’ हा दुसरा साचा बरोबर द्यावा. चाळणीची भोके लहान केली, की कोणते दाणे अडकतील, हे दर वेळी पाहावे लागते.

दुसरा प्रकार ‘किंवा’चा. येथे हेतू आवरण्याचा नसून, काही सुटू नये हा असतो. शब्दाने सापडले ते घ्या, किंवा साच्याने सापडले ते घ्या. ऐकायला सोपे; पण दोन्ही अटी एकाच प्रश्नात ‘किंवा’ने बांधल्या, तर चिठ्ठ्यांचा वेग वाया जातो. एका अटीसाठी जर सगळ्याच ओळी वाचायच्या, तर दुसरीच्या चिठ्ठ्या असून काय उपयोग? म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारावे आणि उत्तरे मागाहून एकत्र करावी. एसक्यूएल भाषेत त्याला ‘युनियन’ म्हणतात. दोन्हीकडे आलेली सारखी ओळ त्यात एकदाच राहते. शब्दांचे उत्तर लगेच हातात पडते, ते वर ठेवावे. साच्याचे उत्तर सावकाश येते, ते खाली जोडावे. घाईचे काम असेल तर असेही करता येते, की आधी शब्दांनी पाहावे, आणि काहीच न मिळाले तरच साच्याला हाक मारावी.

अलीकडे साच्यालाही चिठ्ठ्यांचा आधार देण्याची एक रीत रूढ झाली आहे. शब्दाऐवजी तीन तीन अक्षरांच्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या करायच्या. ‘कळवण’ या गावाचे तुकडे कळव आणि ळवण. कोणी ‘%ळवण%’ असा साचा दिला, की ‘ळवण’ची चिठ्ठी काढायची. तिच्यावर कळवणही येईल आणि लोणावळ्याजवळचे वळवणही येईल. मग तेवढ्याच ओळी मूळ साच्याशी ताडून पाहायच्या. पोस्टग्रेसमध्ये ‘लाइक’ला अशा चिठ्ठ्यांची मदत २०११ च्या आवृत्तीपासून मिळते. मायएसक्यूएलने २०१५ च्या आवृत्तीत अशाच धर्तीवर, शब्दांत मोकळी जागा न सोडणाऱ्या चिनी-जपानी भाषांसाठी, सहसा दोन अक्षरांचे तुकडे करणारी सोय दिली. तुकड्यांच्या चिठ्ठ्यांना जागा पुष्कळ लागते, आणि तुकडा तीन अक्षरांचा असेल तर दोन अक्षरी साच्याला तिचा उपयोग नाही. म्हणजे आपला ऊस येथेही जरा रुसूनच बसतो! पण तत्त्व तेच, हे ध्यानात घ्या: चिठ्ठीने संशयित जमा करावे, साच्याने त्यांची ओळख पटवावी.

आता एका गोष्टीकडे मी शिक्षकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. मराठीत डोळ्याला सारखे दिसणारे यंत्राला सारखे असतेच असे नाही. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द घ्या. त्यातला तो वाकडा र दोन रीतींनी लिहिला जातो. कोणी ऱ हे वेगळे अक्षर वापरतो, कोणी साध्या र ला हलन्त करून एक अदृश्य जोडखूण घालतो. छापल्यावर दोन्ही हुबेहूब. पण यंत्राच्या पोटात खुणा वेगळ्या. एकीने शोधले तर दुसरीने लिहिलेला शेतकरी सापडत नाही. यंत्राचा हिशेबही आपल्याहून निराळा. काना, मात्रा, वेलांटी यांना ते स्वतंत्र खुणा मानते. ही चिन्हे अक्षरे नसली तरी शब्द तोडणारीही नाहीत, असे पोस्टग्रेसच्या शब्द पाडणाऱ्या भागात मुद्दाम नोंदवून ठेवावे लागले आहे. नाही तर शब्दाचे मधूनच तुकडे पडले असते.

त्यात जुन्या लेखनाची भर. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या वहीत ‘नांव’ असेल, ‘गांव’ असेल, ‘शाळेंत’ असेल. वही उतरवणाऱ्याने इमानेइतबारे तसेच उतरवले, तर आज ‘नाव’ लिहून शोधणाऱ्याला ते दिसणार नाही. मग काय, जुने लेखन सुधारून टाकावे? मुळीच नाही! दस्तऐवजात जे लिहिले आहे ते तसेच राहिले पाहिजे. उपाय असा, की मूळ शेऱ्याशेजारी आणखी एक रकाना करावा. त्याला ‘शोधरूप’ म्हणा. त्यात तोच मजकूर एका ठरलेल्या वळणाने लिहिलेला असावा: जादा अनुस्वार काढलेले, वाकडा र एकाच रीतीचा, ऊसतोड आणि उसतोड यांपैकी एकच रूप, दोन शब्दांत एकच मोकळी जागा. हे काम नियम बांधून दिले की यंत्रच करते. जो शब्द शोधायचा, त्यालाही तेच नियम लावावे. शोध घ्यायचा शोधरूपात आणि दाखवायची मूळ ओळ. चिठ्ठ्याही त्यावरच कराव्या, साचेही त्यावरच चालवावे.

इतके सगळे केले तरी एक गोष्ट उरते, आणि ती यंत्राच्या हातची नाही. एखाद्या गुरुजींनी शेऱ्यात लिहिले असेल, ‘आईबाप कोयत्यावर गेले.’ दुसऱ्यांनी लिहिले असेल, ‘मुकादमाची उचल घेतल्याने कुटुंब टोळीत.’ यांत ऊस नाही, उसा नाही, ऊसतोड नाही. कोणताही साचा, कोणताही शब्द ‘ऊस’वरून येथवर पोहोचणार नाही. येथे पोहोचतो तो ज्याने ही बोली ऐकली आहे तोच. कोयता, टोळी, मुकादम, उचल, फड, हे शब्द यादीत घालायला सांगणारा माणूस गावातला हवा. म्हणून मी म्हणतो, की शिक्षकांनी हे काम शहरातल्या यंत्रज्ञावर टाकून मोकळे होऊ नये. चिठ्ठ्या कशा करायच्या ते त्याला कळते. चिठ्ठीवर कोणता शब्द लिहायचा ते तुम्हाला कळते.

एक सावधगिरीचीही सूचना. शोध जितका सैल, तितकी परकी ओळ आपल्या माणसाच्या माथी बसण्याची भीती. नावाच्या साच्यातून एकासारखी चार नावे येतात. त्यांतली पहिलीच उचलून दाखल्यावर जन्मतारीख लिहिली, तर आयुष्यभराचा घोटाळा. यंत्राने दिलेली यादी म्हणजे निकाल नव्हे. ती ‘यांच्यात पाहा’ अशी सूचना आहे. शेवटी आईचे नाव, गाव, साल ताडून मूळ वहीचे पान माणसानेच पाहिले पाहिजे. म्हणून वह्या संगणकात उतरल्या तरी कपाटातल्या वह्या रद्दीत घालू नका.

वर्गात हे शिकवायचे झाले, तर संगणकाचीही गरज नाही. पाठ्यपुस्तकातील एक धडा घ्या. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या द्या, एकेका शब्दाची चिठ्ठी आणि तिच्यावर ओळींचे क्रमांक, असे करून त्या अकारविल्हे लावायला सांगा. मग विचारा, ‘पाणी’ कोणकोणत्या ओळींत आहे? चिठ्ठीवाली मुले झटकन सांगतील. मग विचारा, ज्याच्या पोटात ‘वड’ आहे असे शब्द कोणते? आता चिठ्ठीवाले अडतील, आणि धडा वाचणारी मुले निवड, आवड, सवड असे शब्द काढून देतील. दोन्ही रीती आणि दोघींच्या मर्यादा मुलांना एका तासात कळतील, त्याही हसतखेळत.

आणि मोठ्यांसाठी? कचेरीत, शाळेत, सोसायटीत जो कोणी यंत्रापुढे बसतो, त्याने ‘नोंद नाही’ असे लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्या. शब्दाने पाहावे. साच्याने पाहावे. मग शब्दाची दुसरी रूपे, जुने लेखन आणि गावची बोली आठवून पुन्हा पाहावे. आणि तरीही न मिळाले, तर कागदावर नुसते ‘नोंद नाही’ न लिहिता, ‘अमुक अमुक रीतींनी शोधले, सापडले नाही’ असे लिहावे. एका ओळीचे काम आहे. पण त्यामुळे उद्या दुसरा कोणी चौथ्या रीतीने शोधू शकेल. दार बंद होत नाही.

आणि श्रोतेहो, तुम्ही खिडकीच्या अलीकडे उभे असाल, तर न घाबरता विचारा, ‘साहेब, नाव कसं लिहून शोधलंत? दुसऱ्या रीतीनं बघता का?’ हा उद्धटपणा नव्हे. यंत्र आपल्यापेक्षा जलद वाचते, यात शंका नाही. पण काय वाचायचे, हे अजून त्याला माणसानेच सांगावे लागते.